अष्टमीचा बाजार

आई,

माझ्या नातवाने किराण्याच्या दुकानासाठी गाळा घेतला आहे. पनवेलच्या पुढे हमरस्त्याला लागून एक मोठं शॉपिंग सेंटर झालंय, त्यात तळमजल्यावर. पूजेच्या दिवशी मला गाडीत घालून नेलं. मी उतरले आणि जिथल्या तिथे उभी राहिले. त्याचं एक दुकान तेवढं उघडं, बाकी दोन्ही अंगांना शटरं खाली ओढलेली, कुलपांवर धुळीचा थर, एका काचेवर 'भाड्याने देणे आहे' असा कागद, तोही उन्हाने पिवळा पडलेला. पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले, फक्त गिऱ्हाईक काही आलं नाही. पोरगं सगळ्यांशी हसून बोलत होतं. ते हसू मी ओळखते. अप्पा गेल्यानंतरच्या वर्षी आपल्या दुकानात बसून तू तसंच हसायचीस. त्या दिवसापासून तू माझ्या डोक्यातून जात नाहीस. तुला जाऊन इतका काळ लोटला की आता मी तुझ्याहून वयाने मोठी आहे, पण हे लिहिताना मात्र परकर सावरून तुझ्यासमोर उभी राहिल्यासारखं वाटतं.

आपली पेठ मी तुला काय सांगणार? तरी सांगते. एकदा सगळं नीट मांडलं की माझंच मला उमगेल. धक्क्यापासून देवळापर्यंत सरळ वाट, दोन्ही बाजूंना कौलारू दुकानं, पुढे ओटी, आणि दाराऐवजी खोबणीत सरकवायच्या लाकडी फळ्या. प्रत्येक फळीवर खूण कोरलेली, कारण एकीची जागा दुसरीला दिली की शेवटची फळी बसायची नाही. अप्पांच्या उमेदीत मुंबईहून गलबतं यायची. कापड, रॉकेल, गूळ, कौलं, काय वाटेल ते धक्क्यावर उतरायचं, आणि परत जाताना भात नि नारळ भरून जायचं. मग स्वातंत्र्य आलं, नबाबाचं संस्थान गेलं, त्याचा जकातीचा नाका उठला. लोकांना वाटलं, आता पेठ आणखी वाढेल. पण रस्ता आला तो खाडीच्या पलीकडून. एसटी लांब फाट्यावर थांबायला लागली, माल ट्रकने जायला लागला आणि धक्क्यावर शेवाळं धरलं. एकेक शेठ मुंबईला निघाला. जाताना प्रत्येकाने आपल्या दुकानाची चावी अप्पांकडे दिली. "ठेवा एवढी, दिवाळीला येतोच," असं म्हणून गेलेला माणूस कोण कधी आलाय? गल्ल्यामागच्या भिंतीवर खिळे वाढत गेले. अप्पा गेले तेव्हा त्या भिंतीवर सगळी पेठ टांगलेली होती आणि उघडं असं एकच दुकान उरलं होतं, आपलं.

अप्पांचे दिवस झाले आणि तू गल्ल्यावर बसलीस. पहिल्याच सकाळी एक बाई मीठ घ्यायला आली. अप्पांचा पंचा खुंटीवर तसाच होता, तो मला दिसला आणि मी मापटं हातात धरून रडायला लागले. तू माझ्या हातातून मापटं घेतलंस, मीठ मोजून दिलंस, बाई ओटी उतरून गेल्यावर मगच माझ्याकडे वळलीस. "गिऱ्हाइकासमोर रडायचं नाही," म्हणालीस. "ती मीठ न्यायला आली होती. आपलं दुःख तिच्या पदरात कशाला बांधायचं?" मला त्या वेळी तुझा फार राग आला. पुढे दुपारी माजघरात तांदूळ निवडताना तुझे डोळे सुजलेले पाहिले, तेव्हा तो राग कुठे ठेवावा ते कळेना.

दादा मुंबईत गिरणीला लागला होता. दिवाळीला आला तेव्हा त्याने सरळच विषय काढला. म्हणाला, "आई, आता कोणासाठी बसायचं इथे? शिमगा झाला की मी येतो, दुकान मोडू, तुम्ही दोघी माझ्याकडे चला." त्याचं काही चुकत नव्हतं. गाव आठवड्याचा बाजार करायला फाट्यावर जात होतं, आपल्याकडे यायचं ते काडेपेटी आणि मीठ संपल्यावर. पण दुकान मोडलं असतं तर पेठेतला शेवटचा दिवा गेला असता. आणि तुझं काय झालं असतं? एका खोलीत, सुनेच्या हाताखाली, दिवसभर दाराकडे बघत बसलेली तू मला डोळ्यांसमोर आणवेना. तू नुसतं "बरं" म्हणालीस. दादा समाधानाने गेला. तुझ्या 'बरं'चा अर्थ त्याला तोवर कळायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू भिंतीवरच्या सगळ्या चाव्या काढल्यास आणि केरसुणी घेऊन निघालीस. एकेक कुलूप उघडायचं, फळ्या काढायच्या, जाळीजळमटं झाडायची, ओटीवर सडा घालायचा. संध्याकाळी प्रत्येक रिकाम्या दुकानात एक पणती. दिवेलागण झाली की पुन्हा फळ्या, पुन्हा कुलपं. मी तुझ्यामागे फळ्या ओढत होते आणि लाजेने मेल्याहून मेल्यासारखी झाले होते. सगळं गाव हसत होतं. देवळातला गुरव म्हणाला, "वाणीणबाई भुतांना दुकानं थाटून देतायत." तू त्याला म्हणालीस, "भुतं तर भुतं. उधार तरी मागणार नाहीत." मला मात्र घरी आल्यावर समजावलंस, "अगं, बंद दार दिसलं की माणूस पुढे चालू लागतो. उघडं दिसलं की मान वळवतो. आधी मान तर वळू दे."

मग तू धक्क्यावर गेलीस. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातून होडीने येऊन भर उन्हात पाटी मांडून सुकी मासळी विकणारी ती दांडगी कोळीण तुला आठवतच असेल, मी तिला मावशी म्हणायचे. तिला तू कापडाच्या शेठच्या ओटीवर बसायला बोलावलंस. गावाला धक्काच बसला. पेठेत वाण्यांची दुकानं, म्हावरं पेठेबाहेर, असं पहिल्यापासून चालत आलेलं. मावशीच बिचकली. "नको गो बाय. जवल्याचा वास फल्यांना लागंल. उद्या शेट आला तं तू काय सांगशील?" तू म्हणालीस, "सांगेन की इथे माणूस बसत होतं. वास लागला तर निदान तेवढं तरी कळेल." मावशीने पदर खोचला. मग पाटी उचलून ओटीवर चढली. वरच्या गावातले कुणबी वाल, तांदूळ, कोनफळं घेऊन यायचे, त्यांना तू समोरचं दुकान दिलंस. मुरुडचे एक चाचा बांगड्या विकायला यायचे, त्यांना कोपऱ्यावरचं. आणि ज्या दिवशी आपल्याच गावातल्या एकाला पलीकडे किराणा मांडायला दिलंस, त्या दिवशी मला राहवलं नाही. मी म्हटलं, हा तर आपल्याच पायावर धोंडा. तू तराजूच्या पारड्यावरची धूळ फुंकत म्हणालीस, "एकट्या दुकानाला गिऱ्हाईक येत नाही गं. गिऱ्हाईक येतं ते पेठेला." त्या वेळी मला ते वेडेपण वाटलं. आज त्या शॉपिंग सेंटरमध्ये उभी राहून तेच वाक्य मी मनात घोळवते. कुठे शिकलीस तू हे? चौथीपर्यंतसुद्धा शाळा झाली नव्हती तुझी.

आणि तरीही तू चुकलीस. ती चूक मला फार आवडते, म्हणून सविस्तर लिहिते. तू तळा गावाकडची, डोंगरातली. तुझ्या माहेरी बाजार म्हणजे वार ठरलेला, त्या वारी बैलगाड्या सुटायच्या. म्हणून तू इथेही गुरुवार ठरवलास आणि खाडीकाठच्या गावांतून दवंडी दिलीस. पहिल्या गुरुवारी काय गर्दी! भल्या पहाटे होड्या लागल्या आणि माणसं दिवसभर पेठेत रेंगाळत राहिली, पुन्हा पुन्हा तीच दुकानं बघत, बसत, बोलत, शेवटी काहीतरी घेत. दुसऱ्या गुरुवारी दुपारपर्यंत कोणी नाही. भर दुपारी चार माणसं आली, ती पिशवी उघडतायत तोवर होडीच्या तांडेलाने धक्क्यावरून हाक घातली आणि सगळी पळाली. तिसऱ्या गुरुवारी पुन्हा पेठ भरलेली. चौथ्याला पुन्हा कुत्रं नाही. कुणबी भाजी परत घेऊन गेले, चाचा म्हणाले, "बहेन, हमारा तो वक्त जाया होता है." गावात कुजबूज सुरू झाली की कोपऱ्यावरच्या दुकानात काही आहे, एक आठवडा सोडून ते जागं होतं. तू देवळात नारळही दिलास. देवावर तुझा विश्वास होता, पण त्याच्यावर सगळंच सोपवून मोकळं होण्याइतका नव्हता.

त्या चौथ्या गुरुवारी दुपारी तू गल्ला माझ्यावर टाकून धक्क्यावर गेलीस, आणि न राहवून मीही फळ्या लावून तुझ्यामागे आले. मावशी निघण्याच्या घाईत होती. तू तिला हाताला धरून विचारलंस, "आज का पळता गं सगळे? मागच्या खेपेला तर सांज होईतो होता."

मावशी म्हणाली, "पानी थांबतंय व्हय कुनासाठी? आज पुनव. भरती आली दुपारची, आता वहटी लागली. न्हाय निघालो तं होरी चिखलात. आनि आमचे बापयगडी उधानाला डोल जाल्यावर, घरी कोन हाय बाजार करायला?"

"आणि मागच्या खेपेला?"

"तवा अष्टमी व्हती. भांगाचं पानी, उधान न्हाय. पहाटं भरतीनं आलो, मंग पानी गेला, होऱ्या चिखलात बसल्या, आता सांजच्या भरतीशिवाय घरी जायचं कसं? बसलो तुज्या पेठेत." आणि ती हसली. "बसून बसून मानूस काय करंल? घेल काय तरी."

तू तिथेच धक्क्याच्या दगडावर बसलीस. म्हणालीस, "हे तुला ठाऊक होतं?"

"सगल्यांना ठावं हाय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस कवा? बाजार तुमचा, पानी आमचा."

आई, मी पुष्कळ शहाण्या माणसांची बोलणी ऐकली, पण त्या एका वाक्याइतकं खरं फार थोडं ऐकलं. पेठ आणि खाडी यांच्यामध्ये एवढासा धक्का. त्या धक्क्यावर पिढ्यान् पिढ्या माल चढला नि उतरला, पण वाण्यांनी बाजाराचं बोलायचं आणि कोळ्यांनी पाण्याचं, ही वाटणी कोणी मोडली नव्हती. गावातलं शेंबडं पोरही भरतीची वेळ सांगत होतं. तरी बाजार भरायचा तो वारावरच भरायचा, हे इतकं पक्कं की दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघाव्यात असं कोणाच्याच मनात आलं नाही. मला वाटलं, तू खट्टू होशील. तू तर हसत सुटलीस. अप्पा गेल्यानंतर तुझं तसलं हसू मी पहिल्यांदा ऐकलं. पुढचा पंधरवडा तू जमेल तेव्हा त्या दगडावर जाऊन बसायचीस आणि पाण्याकडे बघायचीस. लग्न होऊन आल्यापासून खाडी तुझ्या परसात होती, पण तू तिच्याकडे अशी कधी बघितली नव्हतीस.

मग तू जाहीर केलंस की बाजार अष्टमीला भरेल, शुद्ध आणि वद्य, दोन्ही. जाणत्या मंडळींनी डोक्याला हात लावला. "अहो, तिथीला सण असतो. बाजार वाराचा असतो." तू म्हणालीस, "मग सण समजा." पण दवंडीवर आता कोणाचा भरवसा उरला नव्हता, म्हणून तू स्वतः सांगायला निघालीस, मावशीच्या होडीतून. ज्या बाईने जन्मात पाण्यात पाय घातला नव्हता, जी गलबत नुसतं लांबून बघून डोळे फिरतात म्हणायची, ती तू. ते दृश्य माझ्या डोळ्यांत अजून तसंच आहे. मी धक्क्यावर उभी आहे. तू होडीच्या मधोमध बसलीयस, नऊवारीचा काष्टा घट्ट, दोन्ही हातांनी दोन्ही काठ धरलेले, डोळे गच्च मिटलेले. मावशी वल्हं हातात घेऊन सांगतेय, "डोले उगड गो, पानी खात न्हाय मानसाला." तू मिटल्या डोळ्यांनीच विचारतेस, "पोचलो का?" होडी अजून धक्क्याला दोरीने बांधलेलीच आहे. मी पोट धरधरून हसले. पण होडी वळणाआड गेली आणि माझं हसू आपोआप थांबलं. एवढीशी बाई, एवढं पाणी, आणि कशासाठी, तर दुसऱ्यांच्या बंद दुकानांसाठी. त्या क्षणी मला तू माझी आई वाटलीच नाहीस, कोणीतरी फार मोठी वाटलीस. तशी तू गावोगाव गेलीस. परत यायचीस तेव्हा पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, आणि चेहरा असा की जणू माहेरून आलीयस.

शिमगा झाला. दादा सांगितल्याप्रमाणे आला, अष्टमीच्या आदल्या संध्याकाळी, सोबत रिकामी ट्रंक आणि सुंभाची दोरी. आपण काही बांधून ठेवलं नव्हतं. तो चिडला. तू त्याला जेवायला वाढलंस, त्याच्या आवडीची वालाची उसळ. तो जेवत असताना म्हणालीस, "उद्याचा दिवस बघ. उद्या कोणी आलं नाही, तर ट्रंक मी स्वतः भरते." तू हे किती साध्या आवाजात बोललीस! पण त्याच्या पानात उसळ तू दोनदा वाढलीस, ते मी पाहिलं. तू बोलल्याप्रमाणे केलंच असतंस, हे मला ठाऊक होतं.

पहाटे तूच आम्हाला उठवलंस. आपण तिघं धक्क्यावर गेलो. डोक्यावर अर्धा चंद्र, खाडी काठोकाठ भरलेली, पण पाणी रिकामं. वारा नाही, आवाज नाही. दादा तुझ्या शेजारी येऊन उभा राहिला, ही त्याची माया. तू पदर घट्ट धरून उभी होतीस. मग वळणापलीकडून वल्ह्यांचा आवाज आला. आधी एक होडी, पुढे कंदील लावलेली. तिच्यामागे आणखी एक. आणि मग, आई, खाडीभर होड्याच होड्या. त्यांत कोळणी होत्या, पाट्या होत्या, कोंबड्या होत्या, कडेवरची पोरं होती, पाय बांधलेली एक शेळीसुद्धा होती. कधी नव्हे ते आपल्या गावाकडे सगळं पाणी चालून येत होतं. उजाडलं तशी धक्क्यावर होडीला होडी लागली, पलीकडे जायचं तर होड्यांवरून चालत जावं. आणि मागून पाणी ओसरायला लागलं, शांतपणे, कोणाला न विचारता, आणि त्या सगळ्या होड्या चिखलात अलगद बसल्या. आता संध्याकाळपर्यंत कोणी कुठे जाणार नव्हतं. मी आयुष्यात देवळं पुष्कळ पाहिली, हरिहरेश्वराच्या खडकांवर लाटा फुटताना पाहिल्या, पण हात आपोआप जोडले गेले ते त्या सकाळी. खाडीकडे बघून जोडले की तुझ्याकडे, ते मला तेव्हाही कळलं नाही.

दादा नुसता बघत उभा होता. तू त्याला कोपराने ढोसलंस. "आलाच आहेस तर तागडी धर," म्हणालीस. "बायामाणसांना किती वेळ उभं करायचं?" त्या दिवशी शेराची वजनं जाऊन नुकती आलेली किलोची वजनं त्याला धड कळत नव्हती. मावशी त्याची टर उडवत होती आणि तो घामाघूम होऊन हसत होता. सुंभाची दोरी शेळी बांधायला गेली. ट्रंकेत आपण पुढे कितीतरी वर्षं पापड ठेवत होतो.

नंतर शेठ लोकांच्या कानावर गेलं. एकेक जण चावी मागायला आला, आणि तू एकेकाला हसून दिलीस. कापडाच्या शेठने नाकाला उपरणं लावलं, तर तू त्याला मावशीची ओटी दाखवून सांगितलंस की ही जागा तिची, बाकीचं दुकान तुमचं. आणि त्याने ते मानलं. आपलं दुकान होतं तेवढंच राहिलं, शेजारचा किराणेवाला आपल्यापुढे गेला, त्याचं तुला कधी काही वाटलं नाही. पुढे पूल झाला, एसटी थेट धक्क्यापर्यंत आली आणि बाजार पुन्हा वाराचा झाला. तू म्हणालीस, "आता पाणी रस्त्यावरून येतं." पण पेठ बंद पडली नाही. तू गेलीस त्या दिवशी सगळ्या दुकानांनी आपण होऊन फळ्या लावल्या. तेवढ्याच एका दिवशी मी ती पेठ पुन्हा बंद पाहिली.

तर तुझ्या पणतूचं सांगत होते. मी रोज त्याच्याबरोबर जाऊन दुकानात बसायला लागले. त्याला वाटलं, आजीला घरी करमत नाही. मी पाणी बघत होते. तिथे ना खाडी ना धक्का, नुसता रस्ता, गाड्या भर्रकन निघून जातात. पण वरच्या मजल्यावर मुलांचे शिकवणीचे वर्ग आहेत. संध्याकाळी आया पोरांना सोडायला येतात. परत जाऊन पुन्हा यायचं तर पेट्रोल आणि वेळ, म्हणून तिथेच थांबतात, जिन्यावर, स्कूटरवर, कठड्याला टेकून, वर्ग सुटेपर्यंत. त्यांना तसं बसलेलं बघितलं आणि मला त्या होड्या दिसल्या. मी नातवाला म्हटलं, शेजारच्या गाळ्यांच्या मालकांना फोन कर, चाव्या माग, संध्याकाळपुरती शटरं वर कर. झाड, दिवे लाव, बसायला बाकं टाक. आणि त्या बायांत कोण लोणची करते, कोण कपडे शिवते, ते विचार. तो म्हणाला, आजी, उद्या दुसरं कोणी किराण्याचं दुकान टाकलं तर? मी काय उत्तर दिलं असेल ते तुला सांगायला नको. काल तिथे पहिल्यांदा सगळ्या ओळीत उजेड होता. बायका एका दुकानातून दुसऱ्यात जात होत्या, आणि पोरगं हसत होतं, खरं हसत होतं.

हा कागद मी नातवाच्या गल्ल्यात खालच्या कप्प्यात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे ठेवायचा? एक मात्र तुला सांगून टाकते. काल सगळ्यांच्या देखत नातवाने मला विचारलं, "आजी, हे तुला सुचलं कसं?" आणि मी म्हटलं, "सुचलं असंच." तुझं नाव मी घेतलं नाही. ते ओठांपर्यंत आलं होतं, पण समोर गिऱ्हाईक उभं होतं.